शोधसूचीचा मागोवा : जुने गोवे ते मिहान

१० एप्रिल १५६३ रोजी गोव्यात योहान्नेस द एंडेम याच्या छापखान्यातून एक पोर्तुगीज ग्रंथ बाहेर पडला. कर्ता होता गार्सिया द ओर्ता. १५३४ मध्ये तो भारतात आला, गोव्यात वैद्यकी करू लागला, आणि पुढे मुंबईचे बेटही पोर्तुगीज सत्तेकडून त्याला खंडाने मिळाले. ग्रंथाचा विषय होता भारतातील औषधी द्रव्ये, आणि त्याची मांडणी संवादाची होती. रुआनो नावाचा एक काल्पनिक वैद्य युरोपातून येतो आणि प्रश्न विचारतो: हिंग कशाचा चीक, कोरफडीचा बोळ कुठून येतो, बिब्बा कशावर चालतो. ओर्ता त्याला उत्तरे देतो. द्रव्ये साधारणपणे रोमन अक्षरक्रमाने लावलेली असल्यामुळे हवा तो प्रश्न थेट गाठता येई. चारच वर्षांनी, १५६७ मध्ये, कारोलुस क्लुसियस या वनस्पतिशास्त्रज्ञाने त्याचा लॅटिन संक्षेप केला आणि युरोपभर ओर्ता वाचला गेला तो मुख्यतः त्या रूपात. क्लुसियसने संभाषण मात्र काढून टाकले. द्रव्यांची माहिती राहिली, प्रश्न विचारणारा माणूस पुस्तकातून गेला. पुढच्या साडेचारशे वर्षांत वैद्यकाच्या साठलेल्या ज्ञानाला प्रश्न विचारण्याची साधने कशी घडत गेली, हे आपल्याला पाहायचे आहे. गोव्याहून निघालेली ही वाट नागपूरच्या दक्षिणेला, खापरी, तेल्हारा, दहेगाव या गावांच्या शिवारात उभ्या राहिलेल्या मिहान या मालवाहतूक प्रकल्पापर्यंत येते.

अर्थात ओर्ताच्याही फार आधी आपल्याकडे ही गरज ओळखली गेली होती. निघंटू हे वैद्याचे शोधसाधनच होते. धन्वंतरी निघंटूत द्रव्ये वर्गांत विभागलेली आहेत आणि एकेका द्रव्यापुढे त्याची पर्यायनामे दिली आहेत. गुडूची, अमृता, छिन्नरुहा ही सगळी एकाच गुळवेलीची नावे. कोणत्याही नावाने शोधत आलेला वैद्य त्याच वेलीपाशी पोचावा, हा हेतू. माधवनिदानाने हेच काम रोगांसाठी केले. आरंभी ज्वर, मग अतिसार, ग्रहणी, अर्श असा त्याचा क्रम पुढच्या कित्येक ग्रंथकारांनी स्वीकारला. एका वस्तूची अनेक नावे एका ठिकाणी आणणे आणि वस्तूंना ठरलेला क्रम देणे, या दोन युक्त्या आजच्या संगणकी शोधातही पायाशीच आहेत. सोबतीला आपण एक आजार घेऊ, म्हणजे वाट चुकणार नाही. विदर्भात ज्याला सगळे सिकलसेल म्हणतात, तो. रक्तातल्या तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकड्या होतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात, हाडे आणि सांधे असह्य दुखतात, रक्त कमी पडते. आईवडिलांपैकी एकाकडून दोष आला तर मूल वाहक, म्हणजे इथल्या बोलीत ‘एएस पॅटर्न’. दोघांकडून आला तर ‘एसएस पॅटर्न’, म्हणजे आजार. हा आजार कोणत्या काळात कोणाला सापडू शकला असता, हा प्रश्न आपण प्रत्येक टप्प्यावर विचारत जाऊ.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मध्य प्रांतात सापडला नसता, हे निश्चित. तेव्हा गावोगावचे जन्ममृत्यू कोतवाल नोंदवी आणि ती नोंद पोलीस ठाण्यात पोचवी. तिथून बेरजा तालुक्याला, जिल्ह्याला, प्रांताला जात. मरणाच्या कारणांत सगळ्यांत मोठा रकाना ‘ताप’ हाच असे. गोंड, माडिया, महार वस्त्यांत विळापेशींनी नेलेली मुले या रकान्यात विरघळून गेली असणार, कारण दुसरा रकानाच नव्हता. तरीही मला या कोतवालाविषयी आदर वाटतो. अक्षर न येणारा हा माणूस आपल्या गावचा प्रत्येक जीव मोजत होता, आणि आरोग्याच्या माहितीचा विदर्भातला पहिला मोठा साठा त्याच्या पायपिटीतून उभा राहिला.

त्याच दशकांत अमेरिकेत एक विलक्षण माणूस दोन वेगळी कामे करीत होता. जॉन शॉ बिलिंग्ज हा सैन्यातला शस्त्रवैद्य. यादवी युद्ध संपल्यावर त्याच्याकडे वॉशिंग्टनमधल्या सर्जन जनरलच्या कार्यालयाचे ग्रंथालय आले. त्याने जगभरची वैद्यकीय नियतकालिके गोळा केली आणि प्रत्येक लेख विषयवार नोंदवायला घेतला. १८७९ मध्ये रॉबर्ट फ्लेचर याच्या साहाय्याने ‘इंडेक्स मेडिकस’ हे मासिक सुरू झाले, आणि १८८० मध्ये ग्रंथालयाच्या महासूचीचा पहिला खंड निघाला. त्या मालिकेचे १६ खंड पुरे व्हायला १८९५ उजाडले. हे पहिले काम. दुसरे काम अमेरिकेच्या जनगणनेच्या आरोग्यविषयक आकडेवारीचे. ते करीत असताना, ही मोजणी यंत्राने व्हायला हवी, असे त्याने हर्मन होलेरिथ या तरुण अभियंत्याला सुचवले. होलेरिथने छिद्रे पाडलेल्या पत्त्यांचे, म्हणजे पंच कार्डांचे, यंत्र बनवले. ते १८९० च्या जनगणनेत गाजले; पण त्याआधी १८८० च्या दशकातच बाल्टिमोर शहराच्या मृत्युनोंदींवर त्याची परीक्षा झाली होती. यंत्राने चाळलेल्या पहिल्या माहितीत आरोग्याच्या नोंदी होत्या, हे संगणकाच्या इतिहासात फारसे सांगितले जात नाही. होलेरिथच्या कंपनीतूनच पुढे १९२४ मध्ये आयबीएम हे नाव उदयाला आले. लेखांची सूची आणि माणसांच्या नोंदी यांच्या वाटा बिलिंग्जच्या टेबलावर एकदा भेटल्या आणि नंतर जवळजवळ शंभर वर्षे वेगळ्या चालल्या.

सूचीची वाट आधी पाहू. १९१० मध्ये शिकागोच्या जेम्स हेरिक याने एका रुग्णाच्या रक्तातील विळ्याच्या आकाराच्या पेशींचे वर्णन छापले. १९४९ मध्ये लायनस पाउलिंग आणि सहकाऱ्यांनी हा हिमोग्लोबिनच्या रेणूतला दोष असल्याचे दाखवले. १९५२ मध्ये लेहमन आणि मारी कटबुश यांनी निलगिरीतल्या आदिवासींमध्ये तो आढळल्याचे जाहीर केले. आसामातल्या मळ्यांवरच्या मजुरांमधूनही त्याच वर्षी नोंद झाली. आणि १९५८ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये नागपूरच्या डॉ. शुक्ला आणि डॉ. सोळंकी यांचा मध्य भारतातील सिकलसेलवरचा छोटा लेख आला. त्याच वर्षी डॉ. परांडे यांच्यासह त्यांनी ‘ब्लड’ या अमेरिकी नियतकालिकात भारतातील सिकलसेल आजारावर मोठा लेख लिहिला. नागपूरचे वैद्यकीय महाविद्यालय तेव्हा जेमतेम अकरा वर्षांचे होते. त्या काळात आधीचे काम शोधायचे म्हणजे सूचीचे जाडजूड खंड एकेक करून उघडायचे. ते बोटीने येत, आणि छपाईच कित्येक वर्षे मागे असे. नागपूरच्या या डॉक्टरांनी आपल्या बाह्यरुग्ण विभागातल्या रक्ताचा हेरिकच्या शिकागोशी आणि लेहमनच्या निलगिरीशी मेळ घातला, यामागची चिकाटी आज समजणे अवघड आहे. वैद्यकाच्या जागतिक सूचीत मध्य भारताचे सिकलसेल आले ते या लेखांनी. त्याआधीच्या सूचीत कोणी कितीही शोधले असते, तरी विदर्भ हाती लागला नसता.

१९६० मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय वैद्यकीय ग्रंथालयाने, म्हणजे बिलिंग्जच्याच ग्रंथालयाच्या वारसाने, विषयनामांची एक प्रमाण यादी तयार केली. तिला ‘मेश’ म्हणतात. एका लेखात सिकल सेल अॅनिमिया, दुसऱ्यात ड्रेपॅनोसायटोसिस, तिसऱ्यात हिमोग्लोबिन एस आजार असे लिहिले असले, तरी सूचीकाराने लेख वाचून तिन्हींवर एकच ठरलेले विषयनाम लावायचे. निघंटूतल्या पर्यायनामांचेच हे काम, आता माणसांच्या एका मोठ्या तुकडीने रोज करायचे. १९६४ च्या जानेवारीत ‘मेडलार्स’ ही संगणकी व्यवस्था चालू झाली. डॉक्टरने प्रश्न कागदावर लिहून द्यायचा. प्रशिक्षित शोधकाने त्याचे विषयनामांत रूपांतर करून ‘आणि’, ‘किंवा’, ‘नाही’ या तीन शब्दांनी त्यांची जुळणी करायची. मग चुंबकीय फिती फिरायच्या आणि काही आठवड्यांनी उत्तर टपालाने यायचे. हे तीन शब्द जॉर्ज बूल याच्या १८५४ च्या तर्कगणितातले. इथे थोडे आडवळण घेण्याचा मोह आवरत नाही. बूलची पत्नी मेरी ही भारताचा सर्वेक्षक जॉर्ज एव्हरेस्ट याची पुतणी. एव्हरेस्ट ज्याच्या हाताखाली शिकला तो विल्यम लॅम्बटन भारताची त्रिकोणमितीय मोजणी करत नागपूरकडे येत असताना २० जानेवारी १८२३ रोजी हिंगणघाटला वारला. त्याची समाधी तिथे आहे. आज शोधपेटीत जे तीन शब्द टंकले जातात, त्यांच्या कर्त्याच्या घराचा धागा असा वर्धा जिल्ह्यापर्यंत पोचतो.

१९७१ च्या ऑक्टोबरात ‘मेडलाइन’ आली आणि दूरवरच्या टर्मिनलवर बसून उत्तर तिथल्या तिथे मिळू लागले. भारतात १९८६ मध्ये भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद आणि राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्र यांनी मिळून दिल्लीत भारतीय मेडलार्स केंद्र काढले. या केंद्राचे एक काम मला सगळ्यांत मोलाचे वाटते. मेडलाइनमध्ये भारतीय नियतकालिके थोडीच होती. म्हणून केंद्राने ‘इंडमेड’ हा स्वतंत्र साठा उभारून १९८५ पासूनच्या भारतीय वैद्यकीय नियतकालिकांची सूची तयार केली. पुढे २६ जून १९९७ रोजी अमेरिकेचे उपाध्यक्ष अल गोर यांनी ‘पबमेड’ सर्वांना मोफत खुले केल्याचे जाहीर केले. आज त्यात ३ कोटी ७० लाखांहून अधिक लेखांच्या नोंदी आहेत. इंडेक्स मेडिकसचा छापील अंक २००४ च्या अखेरीस बंद झाला. तालुक्याच्या रुग्णालयातला डॉक्टर आणि बोस्टनचा प्राध्यापक एकाच पेटीत एकच प्रश्न टाकू लागले, आणि वैद्यकाच्या इतिहासात हे पहिल्यांदा घडले. प्रश्न सगळ्यांचा एकसारखा झाला, पण उत्तरात कोण असेल हे पूर्वीसारखेच राहिले: ज्यांच्याविषयी कोणी लिहिले आणि ते कोणी सूचीत घेतले, तेच.

आता नोंदींची वाट. १९६३ मध्ये मुंबईत डॉ. जस्सावाला यांच्या पुढाकाराने इंडियन कॅन्सर सोसायटीने भारतातली पहिली लोकसंख्याधारित कर्करोग नोंदणी सुरू केली. शहरातल्या प्रत्येक कर्करुग्णाची नोंद व्हावी, एकाचीही दोनदा होऊ नये, हा तिचा दंडक. नोंदणीचे कर्मचारी रुग्णालयांत फिरत, केस पेपर वाचत, पॅथॉलॉजीच्या वह्या पाहत, महापालिकेच्या मृत्युनोंदींशी ताडून घेत. पुणे आणि औरंगाबादनंतर १९८० मध्ये नागपूरलाही अशी नोंदणी सुरू झाली. १९८७ मध्ये तर बार्शी, परांडा आणि भूम या तीन तालुक्यांत, साडेतीनशेच्या आसपास खेड्यांत, भारतातली पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी उभी राहिली. तिथे केस पेपरच नव्हते, कारण लोक रुग्णालयापर्यंत पोचतच नव्हते. मग कर्मचाऱ्यांनी गावोगाव जाऊन बैठका घेतल्या, लक्षणे समजावली, संशयित रुग्णांना तपासणीला आणले आणि मग नोंद केली. मोठ्या साठ्याला प्रश्न विचारण्याचे तंत्र कितीही पुढे गेले, तरी बार्शीच्या माळावर त्याची पहिली पायरी म्हणजे ओट्यावर बसून बोलणे हीच होती. महाराष्ट्राने या क्षेत्राला जे दिले त्यात मी बार्शीची नोंदणी फार वर ठेवतो.

लेख आणि माणसे यांच्यानंतर तिसरा साठा आला तो रेणूंचा. १९५६-५७ मध्ये केंब्रिजला व्हर्नन इन्ग्रॅम याने सिकलसेलचा दोष नेमका कुठे आहे ते शोधून काढले: हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीत सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन. एवढाच फरक. प्रथिनांचे असे अनुक्रम जमू लागले तसे ते एकत्र ठेवण्याची गरज पडली. मार्गारेट डेहॉफ या विदुषीने १९६५ मध्ये ६५ प्रथिनांचा पहिला अॅटलास छापला. अमिनो आम्लांना एकेका अक्षराने लिहिण्याची पद्धतही तिचीच. १९८२ मध्ये डीएनएच्या अनुक्रमांसाठी ‘जेनबँक’ निघाली तेव्हा तिच्यात ६०६ अनुक्रम होते, एकूण ६,८०,३३८ अक्षरे. हा साठा फुगत गेला तशी जुनी शोधपद्धत अपुरी पडू लागली. विषयनामे लावून डीएनए शोधता येत नाही. अनुक्रमाची अक्षरेच अक्षरांशी जुळवावी लागतात, आणि तीही तंतोतंत नव्हे, थोडा फरक सोसून. नीडलमन आणि वुन्श यांनी १९७० मध्ये, स्मिथ आणि वॉटरमन यांनी १९८१ मध्ये अचूक जुळणीच्या रीती दिल्या होत्या. पण त्यांना वेळ फार लागे. १९९० मध्ये अल्टशुल, गिश, मिलर, मायर्स आणि लिपमन या पाच जणांनी ‘ब्लास्ट’ आणले. ते अख्खा अनुक्रम जुळवत बसत नाही. प्रश्नातल्या अनुक्रमाचे तीन किंवा अकरा अक्षरांचे बारीक तुकडे करते, साठ्यात ते कुठे जुळतात ते आधी पाहते, आणि जिथे शीत शिजलेले लागते तिथेच दोन्ही बाजूंना पुढे सरकून भाताची परीक्षा करते. उत्तराबरोबर ते हेही सांगते की, अशी जुळणी निव्वळ योगायोगाने किती वेळा पडली असती. अचूकतेत थोडी कसर सोसून मिळालेल्या या वेगाने जीवशास्त्राची कामाची रीत बदलली.

या टप्प्यावर पुणे मागे नव्हते, हे आवर्जून सांगायला हवे. जैवतंत्रज्ञान विभागाने १९८६-८७ मध्ये देशभर जैवमाहिती केंद्रांचे जाळे विणायला घेतले, आणि पुणे विद्यापीठात १९८७ मध्ये असे केंद्र सुरू झाले. इंटरनेट नव्हते, जगातही या विषयाला अजून पक्के नाव नव्हते. डॉ. अशोक कोळसकर यांच्या नेतृत्वाखाली तिथे प्राण्यांच्या विषाणूंची माहितीप्रणाली उभी राहिली. प्रथिनाचा कोणता भाग शरीराच्या प्रतिकारशक्तीच्या नजरेत भरेल याचा अंदाज देणारी रीत कोळसकर आणि टोणगावकर यांनी १९९० मध्ये, म्हणजे ब्लास्टच्याच वर्षी, प्रसिद्ध केली. लशींवर काम करणारे जगभरचे संशोधक ती आजही त्यांच्या नावाने वापरतात. २००४ मध्ये डॉ. ऊर्मिला कुलकर्णी-काळे आणि सहकाऱ्यांनी ‘व्हिरजेन’ हा विषाणूंच्या जनुकसंचांचा साठा मांडला. याच शहरात १९८८ मध्ये सी-डॅक स्थापन झाली, आणि १९९१ मध्ये अकोला जिल्ह्यातल्या मुरंब्याचे, नागपूरच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकलेले विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली परम ८००० हा महासंगणक तयार झाला. पुढे सी-डॅकने जैवमाहितीच्या गणनेसाठी स्वतंत्र गट उभा केला. केस पेपरांवरील संज्ञांचे ‘स्नोमेड’ हे प्रमाण भारताने २०१४ मध्ये स्वीकारल्यावर त्याच्या प्रसाराचे राष्ट्रीय केंद्रही पुण्याच्या सी-डॅकमध्येच आले.

मानवी जनुकसंच २००३ मध्ये वाचून पुरा झाला, आणि लगेच नवा प्रश्न उभा राहिला: कोणाचा? माणसामाणसांतले फरक नोंदवण्यासाठी निघालेल्या ‘हॅपमॅप’ने २००५ मध्ये चार लोकसमूह मांडले: नायजेरियातले योरुबा, अमेरिकेतल्या युटाचे युरोपवंशीय, चिनी आणि जपानी. नंतर ‘हजार जनुकसंच’ प्रकल्प आला. २०१५ मध्ये तो संपला तेव्हा त्यात २६ समूहांतले २५०४ लोक होते. दक्षिण आशियाचे पाच समूह होते: ह्यूस्टनचे गुजराती, लाहोरचे पंजाबी, बांगलादेशचे बंगाली, आणि ब्रिटनमधले श्रीलंकन तमिळ व तेलुगू. मराठी समूह एकही नव्हता. गोंड, कोरकू, माडिया, भिल्ल यांपैकी कोणी नाही. जगातले सगळ्यांत जास्त वापरले गेलेले हे कोश आहेत. एखाद्या रुग्णाच्या डीएनएतला बदल निरुपद्रवी की घातक, हे ठरवताना डॉक्टर आधी विचारतो की, तो निरोगी लोकांत किती आढळतो. गडचिरोलीच्या रुग्णासाठी हा प्रश्न विचारला, तर उत्तर येणार ह्यूस्टन आणि लाहोरवरून. १९५८ पूर्वीच्या सूचीत विदर्भ जसा नव्हता, तसाच तो इथेही नव्हता, आणि या वेळी संगणकाच्या वेगामुळे ही उणीव दिसेनाशी होत होती. उत्तर क्षणात, आकड्यांसह येते. म्हणून ते आपल्याविषयीचे आहे असे वाटते.

साठे वाढले तशी भीतीही वाढली. २०१३ मध्ये स्थापन झालेल्या जागतिक जनुक-आरोग्य आघाडीने पुढच्या वर्षी ‘बीकन’ नावाची साधी रीत पुढे आणली. साठ्याला एकच प्रश्न विचारायचा: अमुक जागी अमुक अक्षर असलेला कोणी तुमच्याकडे आहे का? उत्तर फक्त हो किंवा नाही. इतक्या मोघम उत्तराने कोणाचे गुपित फुटणार, असे वाटत होते. २०१५ मध्ये स्टॅनफर्डच्या सुयश शृंगारपुरे आणि कार्लोस बुस्टामान्टे यांनी दाखवून दिले की, एक हजार लोकांच्या अशा साठ्याला सुमारे पाच हजार प्रश्न विचारले, तर हाती जनुकसंच असलेली विशिष्ट व्यक्ती त्यात आहे की नाही हे ओळखता येते. सिकलसेलच्या बाबतीत याचा अर्थ गंभीर आहे. लग्न जुळवताना ‘पॅटर्न’ विचारला जातो, आणि मुलीची वाहक असल्याची गोष्ट फुटली तर तिचे लग्न मोडू शकते. साठा उघडा हवा आणि माणूस झाकलेला राहायला हवा, या दोन गरजांचा ताळमेळ आजही पुरता बसलेला नाही.

मग विदर्भ एकदा या साठ्यांत आला तो एका कठीण वर्षात. २०२१ च्या फेब्रुवारीत अमरावतीत कोविडचे रुग्ण अचानक वाढले आणि टाळेबंदी लागली. डिसेंबर २०२० मध्ये स्थापन झालेल्या प्रयोगशाळांच्या राष्ट्रीय जाळ्याने महाराष्ट्रातल्या नमुन्यांमधील विषाणूंचे अनुक्रम वाचले होते. २४ मार्च २०२१ रोजी केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने जाहीर केले की, ई४८४क्यू आणि एल४५२आर हे बदल राज्यातल्या १५ ते २० टक्के नमुन्यांत आढळले आहेत आणि आधी सूचीत घेतलेल्या कोणत्याही चिंताजनक प्रकाराशी ते जुळत नाहीत. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेच्या संशोधकांनी या बदलांची सविस्तर मांडणी केली. हे बदल असलेल्या विषाणूच्या वंशाचे नाव बी.१.६१७. त्याच्या एका शाखेला ३१ मे रोजी जागतिक आरोग्य संघटनेने डेल्टा म्हटले. साठ्याला प्रश्न विचारला आणि जुळणारे काही सापडले नाही, हेच इथे सगळ्यांत महत्त्वाचे उत्तर ठरले. मात्र तसे म्हणता यायला जगभरचे लक्षावधी अनुक्रम आधी जमा झालेले असावे लागले.

२०२२ हे वर्ष आपल्या वाटेवरचे मोठे वळण. १० नोव्हेंबरला फरीदाबादला भारतीय जैव विदा केंद्र राष्ट्राला अर्पण झाले. साठवणक्षमता चार पेटाबाइट, आणि दुसरी प्रत भुवनेश्वरला. भारतीय संशोधकांनी आपले अनुक्रम परदेशी साठ्यांतच नेऊन ठेवण्याची चाळीस वर्षांची रीत त्यामुळे बदलू लागली. पाठोपाठ ११ डिसेंबरला नागपुरात एकाच कार्यक्रमात तीन गोष्टी घडल्या. मिहानमधले एम्स राष्ट्राला अर्पण झाले; चंद्रपूरच्या हिमोग्लोबिन विकारांच्या संशोधन, उपचार व नियंत्रण केंद्राचे उद्घाटन झाले; आणि माणूस, प्राणी, पर्यावरण यांच्या आरोग्याचा एकत्र विचार करणाऱ्या राष्ट्रीय ‘वन हेल्थ’ संस्थेची पायाभरणी झाली. एम्सची पायाभरणी २०१७ ची. २०१८ मध्ये ५० विद्यार्थ्यांची पहिली तुकडी नागपूरच्या जुन्या वैद्यकीय महाविद्यालयात, म्हणजे शुक्ला-सोळंकींच्याच वास्तूत, बसली होती. १५७५ कोटींहून अधिक खर्चाचा हा प्रकल्प मालवाहतुकीसाठी कल्पिलेल्या मिहानला वेगळेच रूप देऊन गेला. देशाच्या मध्यावर विमाने आणि माल एकत्र यावा म्हणून घेतलेल्या जमिनीवर आता गडचिरोली, गोंदिया, छिंदवाडा, बालाघाटचे रुग्ण आणि त्यांचे केस पेपर एकत्र येतात.

९ जानेवारी २०२५ रोजी ‘जीनोम इंडिया’ प्रकल्पातल्या १०,०७४ भारतीयांच्या जनुकसंचांची माहिती फरीदाबादच्या केंद्रामार्फत संशोधकांसाठी खुली झाली. बंगळुरूच्या मेंदू संशोधन केंद्राच्या पुढाकाराने २० संस्थांनी हे काम केले आणि ८० हून अधिक समुदायांतले लोक त्यात आले. त्यांत आदिवासी समुदायही आहेत. आधीच्या ‘इंडिजेन’ प्रकल्पात १०२९ भारतीयांच्या जनुकसंचांतले जवळजवळ एक तृतीयांश बदल जगाच्या कोशांत नव्हतेच, हे दिसून आले होते. म्हणून दहा हजारांचा हा साठा मला आपल्याकडच्या वैद्यकासाठी १९५८ च्या त्या लेखांइतकाच निर्णायक वाटतो. तो पबमेडसारखा कोणालाही क्षणात उघडता येत नाही. संशोधकाला प्रस्ताव द्यावा लागतो, हेतू सांगावा लागतो, अटी मान्य कराव्या लागतात, आणि मग प्रवेश मिळतो. शृंगारपुरे-बुस्टामान्टे यांच्या इशाऱ्यानंतर हा सावधपणा योग्यच आहे.

सिकलसेलपाशी आपण परत येतो ते इथेच. १ जुलै २०२३ रोजी शहडोलहून सुरू झालेल्या राष्ट्रीय मोहिमेत १७ राज्यांतल्या ४० वर्षांपर्यंतच्या ७ कोटी लोकांची तपासणी ठरली. आशाताई घरोघर सांगत जातात, आरोग्यसेविका बोट टोचून रक्त घेते, सोल्युबिलिटी चाचणी संशयास्पद निघाली तर पुढची तपासणी होते, आणि नाव पोर्टलवर चढते. मिहानमधल्या संशोधकाने आज विचारले की, आपल्याकडच्या काही एसएस रुग्णांना आजार सौम्य का जातो आणि काहींना लहानपणीच का गाठतो, तर उत्तराचे तुकडे तीन ठिकाणी आहेत. आजाराचा प्रवास रुग्णालयाच्या केस पेपरांत, पॅटर्न मोहिमेच्या पोर्टलवर, आणि समुदायांचे जनुकीय चित्र फरीदाबादला. भारतीय-अरबी हॅप्लोटाइपवर, म्हणजे एकत्र वारशाने येणाऱ्या जनुकीय खुणांच्या गटावर, हा दोष आफ्रिकेहून स्वतंत्रपणे उपजला असावा, असे १९८६ मध्येच मांडले गेले होते. सौम्य-तीव्रतेचे कोडे मात्र हे तीन साठे एका माणसाशी जुळल्याशिवाय सुटणार नाही. ही जुळणीच आज अवघड आहे. मडावी हे आडनाव एका साठ्यात मडावी, दुसऱ्यात मंडावी, तिसऱ्यात रोमन लिपीत तीन तऱ्हांनी येते. जन्मतारखेच्या जागी अंदाजाचे वर्ष असते. दुर्गम पाड्यावर आरोग्य-ओळखीचा १४ अंकी आभा क्रमांक काढलेला नसतो किंवा आठवत नाही. नावे उच्चारावरून जुळवण्याची साउंडेक्स ही रीत १९१८ मध्ये अमेरिकेत पेटंट झाली, ती इंग्रजी नावांसाठी. गोंडी, माडिया, कोरकू आडनावांसाठी अशी रीत इथल्याच माणसांना, इथल्या नोंदी पुढ्यात घेऊन, तयार करावी लागेल. ते काम मिहान आणि चंद्रपूर यांच्यामधल्या दीडशे किलोमीटरच्या पट्ट्यात व्हायला हवे, कारण ही आडनावे बरोबर कशी लिहायची हे जाणणारी माणसे तिथेच आहेत.